इंजिनाचा दम

घाटाच्या चढणीवर एखादी जुनी मालमोटार धापा टाकीत चाललेली दिसते. ओझे नेहमीचे, रस्ताही नेहमीचाच. तरी ती रडतखडत वर सरकते. उभी केली तर इंजिन लंगडत्या चालीने थरथरते. तेल, पाणी, ठिणगी सारे ठीक असते. मग दम गेला कोठे?

पेट्रोलवर चालणाऱ्या अशा इंजिनात बहुधा सहा सिलिंडर असतात. प्रत्येकातील दट्ट्या खाली येताना हवा व पेट्रोलची वाफ आत ओढतो आणि वर जाताना ते मिश्रण सुमारे सहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंडतो. कोंडलेल्या मिश्रणावर ठिणगी पडताच जो भडका उडतो, त्याच्या रेट्याने गाडी चालते. मिश्रण निसटू लागले, की भडका दुबळा होतो. निसटण्याच्या मुख्य वाटा तीन: दट्ट्याभोवतीच्या रिंगा, झडपा आणि हेडखालचे गॅस्केट.

वाट कोणती हे कळण्याआधीच पाना उचलणारा मिस्त्री कच्चा समजावा. झडप बिघडली असेल तर बहुधा हेड काढून भागते. रिंगा झिजल्या असतील तर इंजिन तळापासून उकलावे लागते. गाडी कित्येक दिवस उभी राहते आणि तिच्यावर ज्याचे पोट, त्याची कमाई थांबते.

जुने मिस्त्री ठिणगी बंद करून पुढचे हँडल हळूहळू फिरवीत. दोन फेऱ्यांत सहाही दट्ट्यांचा विरोध हाताला पाळीपाळीने जाणवे. जेथे हात एकाएकी सैल पडे, तेथे दोष. दाबमापकाने हेच आकड्यांत कळते. इंजिन तापवून सर्व प्लग काढतात, ठिणगीची तार सोडवतात, हवेची वाट पूर्ण उघडी ठेवून स्टार्टर फिरवतात आणि आकडे मडगार्डवर खडूने लिहितात. समजा, पाच सिलिंडरांत दर चौरस इंचास १०५ ते ११० पौंड दाब भरला आणि चौथ्यात ६०च. मग चौथ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन तेल सोडून पुन्हा मोजतात. तेल रिंगांच्या फटी क्षणभर बुजवते. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजलेली. न चढला तर संशय झडपेवर किंवा गॅस्केटवर. शेजारचे दोन सिलिंडर एकदम दुबळे निघाले, तर मधले गॅस्केट फाटले असण्याचा संभव मोठा.

शंका उरलीच तर कानांची परीक्षा. दट्ट्या माथ्याशी आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, त्याच भोकातून दाबाची हवा सोडतात. सारे गप्प उभे राहतात. कार्बुरेटरमधून फुसफुस आली तर आत घेणारी झडप गळते. धुराच्या नळीतून आली तर बाहेर सोडणारी. तेल ओतण्याच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले, तर गॅस्केट.

दोष झडपेचा ठरला, तरी शहाणा मिस्त्री हेडला लगेच हात लावीत नाही. झडप आणि तिला उचलणारा भाग यांत बारीकशी फट लागते. ती उरली नाही, तर धडधाकट झडपही पुरती मिटत नाही. तो फटीत पातळ पट्टी सरकवून पाहतो, फट नीट करतो आणि पुन्हा दाब मोजतो. आकडा वर आला, तर गाडी त्याच दिवशी रस्त्याला लागते.