लाईट गेली तरी नेट हवंय?

अंबडला आमच्या गल्लीत लाईट गेली की पंखा थांबल्याचं कुणी बोलत नाही, "वायफाय गेलं का?" हेच आधी विचारतात. आमच्या सूनबाई पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतात. महावितरणची पावसाळ्याआधीची देखभाल निघाली की शटडाऊन ठरलेला. शिवाय वावटळीत तारेवर फांदी पडली, तर ती काढेस्तोवर वाट पाहणं आलंच.

म्हणून मुलानं राऊटरचा छोटा यूपीएस आणला. दुकानदारानं छातीठोकपणे चार तास सांगितले होते. पुढच्याच शटडाऊनला तासाभरात नेट बंद, आणि घरात दुकानदाराचा उद्धार सुरू! पण पाहतो तर यूपीएस चालू, राऊटरही चालू. फक्त ओएनटीवर, म्हणजे ज्या पांढऱ्या डब्यात फायबरची बारीक वायर येते त्यावर, 'एलओएस'चा दिवा लाल लुकलुकत होता. केबलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडं सगळं ओके आहे. चौकातल्या माझ्या बॉक्सची बॅटरी बसली."

तो लाल दिवा म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही. काही कंपन्यांची लाईन थेट त्यांच्या मुख्य केंद्रातून येते. वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण तालुक्याच्या गावात बऱ्याचदा स्थानिक केबलवाल्याचा स्विच कुणाच्या तरी दुकानात किंवा खांबावरच्या पेटीत असतो, आणि तो विजेवर चालतो. म्हणून खरेदीआधी एका शटडाऊनला ओएनटी आणि राऊटर शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून चालवून बघा. पाच मिनिटं नेट चाललं म्हणून खूश होऊ नका. लाईट येईपर्यंत दिव्यावर लक्ष ठेवा. तिकडचाच बॉक्स तासाभरात बसत असेल, तर तुम्ही घरात चार तासांची बॅटरी घेऊन काय करणार?

लाईन टिकते याची खात्री झाली, की मग दुकान. जाताना अॅडाप्टरचा फोटो काढून न्या. त्यावर 12 व्होल्ट 1 अँपिअर, 12 व्होल्ट 2 अँपिअर, कधी 9 व्होल्ट असं लिहिलेलं असतं. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. 9 व्होल्टच्या राऊटरला 12 व्होल्टची पिन नेमकी बसते, आणि राऊटर जळू शकतो. ओएनटी आणि राऊटर वेगळे असतील तर दोन्हींना पुरवठा लागेल, हे तर लोक हमखास विसरतात.

एमएएचच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. 10000 एमएएच हा आकडा बहुधा आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टला धरलेला असतो, म्हणजे 37 वॉट-तास. 12 व्होल्टपर्यंत चढवताना त्यातलेही काही वाया जातात, हाती तीसेक उरतात. राऊटर 8 वॉट खात असेल तर साडेतीन तास धरा. वॉट-तास किती, हेच विचारा. दुकानदार गडबडला तर दुसरं दुकान गाठा. सेलवर बीआयएसची खूण आहे का तेही पाहा.

घरात इन्व्हर्टर आहे? मग वेगळा डबा कशाला! फक्त वायफायचं बोर्ड इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. बहुतेक घरांत त्या लाईनवर पंखे आणि दिवेच असतात. लाईट जाताना राऊटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर करून पाहा. त्या मोडवर इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना वेळ कमी घेतो, नाहीतर ओएनटीला पुन्हा जोडणी घ्यायला दोन-तीन मिनिटं जातात आणि मीटिंगमधून माणूस बाहेर.

आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. लिथियमच्या सेलला उष्णता मानवत नाही. यूपीएस टीव्हीच्या मागं, पत्र्याच्या खाली किंवा तापलेल्या राऊटरवर ठेवू नका. डबा फुगलेला दिसला तर तो लगेच काढा, चार्जिंगला लावू नका.

आमच्या केबलवाल्याला गल्लीतल्या चार घरांनी मिळून गाठलं, तेव्हा त्यानं चौकातल्या बॉक्सला नवी बॅटरी लावली. तुम्ही नवं कनेक्शन घेत असाल, तर महिन्याचे पैसे ठरवतानाच विचारून घ्या: "भाऊ, लाईट गेल्यावर तुमचा बॉक्स किती तास चालतो?"