वारा मोजणाऱ्या उपग्रहातील ‘हॉट पिक्सेल’चा दोष

ऑक्टोबरपासून नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक वाढू लागते आणि शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते. अशा वेळी अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येणारा वरच्या थरातील वारा आपल्याकडे वळला, तर एका रात्रीच्या बेमोसमी पावसाने पथारीवरचा माल काळा पडतो. शहादा, तळोदा भागातील केळी व पपईच्या बागाईतदारांना तर पावसापेक्षा वाऱ्याचीच धास्ती अधिक असते. पावसाचा अंदाज आपण वाचतो, परंतु त्यामागे वाऱ्याची मोजणी असते याकडे सहसा लक्ष जात नाही. ही मोजणी कशी होते, तिच्यात चूक कोठे शिरते आणि ती कशी पकडली जाते, याचे एक चांगले उदाहरण अलीकडच्या काळात घडले आहे. त्याची माहिती या लेखात दिली आहे.

वरचा वारा कळण्याची साधने

जमिनीलगतचा वारा आपल्याला झाडाच्या पानावरून कळतो. पाऊस मात्र वरच्या थरांतील वाऱ्यावर ठरतो. बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे मध्य प्रदेशातून पश्चिमेकडे सरकतात व पावसाचा जोर बहुधा त्यांच्या नैर्ऋत्य बाजूस असतो. असे क्षेत्र सातपुड्याच्या कोणत्या अंगाने जाते यावर तापी खोऱ्यातील पाऊस बराच अवलंबून असतो. वाट शे-दीडशे किलोमीटरने सरकली तरी धडगावला मुसळधार आणि नंदुरबारला भुरभुर, असा प्रकार होऊ शकतो. ही वाट वरचे वारे ठरवतात.

हे वारे मोजण्यासाठी अहमदाबाद, भोपाळ, मुंबई अशा ठिकाणांहून हवामान खात्याचे फुगे सोडले जातात. समुद्रावर मात्र फुगे सोडणारे कोणी नाही. थंड प्रदेशात हवेच्या दाबावरून वाऱ्याचा बऱ्यापैकी हिशेब करता येतो, पण विषुववृत्ताकडे यावे तसा हा हिशेब कच्चा पडत जातो. म्हणून आपल्यासारख्या उष्ण कटिबंधातील देशांना वारा प्रत्यक्ष मोजण्याची गरज जास्त आहे.

या गरजेपोटी युरोपीय अवकाश संस्थेने २२ ऑगस्ट २०१८ रोजी ‘एओलस’ हा उपग्रह सोडला. अवकाशातून लेसर किरणाने वारा मोजणारा हा जगातील पहिलाच उपग्रह. सुमारे ३२० कि.मी. उंचीवरून तो अतिनील प्रकाशाचे झोत सेकंदाला ५० वेळा खाली सोडत असे. हवेचे रेणू, धूळ व ढगातील थेंब यांवर आपटून त्यातील अगदी थोडा प्रकाश परत येई. दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीत तो गोळा केला जाई. हवा उपग्रहाकडे येत असेल किंवा त्याच्यापासून दूर जात असेल, तर परतलेल्या प्रकाशाच्या वारंवारितेत फरक पडतो. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिटी बारीक आणि दूर जाणाऱ्या रेल्वेची जाड ऐकू येते, तेच हे तत्त्व. फरक मात्र फार सूक्ष्म. वाऱ्याचा वेग सेकंदाला १ मीटरने बदलला, तर वारंवारितेत सुमारे १५ कोटींत एक भाग एवढाच बदल होतो.

तराजूचे एक पारडे जड

हा सूक्ष्म बदल पकडण्यासाठी हवेच्या रेणूंवरून आलेला प्रकाश दोन गाळण्यांतून नेला जाई आणि त्याचे दोन ठिपके शोधकावर पडत. वारा एका दिशेने असला की एक ठिपका उजळ होतो, दुसरा मंद. दोन पारड्यांच्या तराजूसारखीच ही रचना आहे. दोन ठिपक्यांची तुलना केली की वारा कळतो.

शोधक म्हणजे कॅमेऱ्यात असते तशी प्रकाश टिपणारी चकती. तिच्यावर १६ ओळी व १६ स्तंभ अशी बारीक घरे होती. या घरांना पिक्सेल म्हणतात. प्रकाश पडला की घरात विद्युत्भार साठतो. परत येणारा प्रकाश वेळेनुसार निरनिराळ्या उंचीवरून आलेला असतो. जवळच्या थरातून आलेला आधी पोचतो, खालच्या थरातून आलेला नंतर. त्याप्रमाणे वातावरणाचे २४ थर पाडून प्रत्येक थराचा भार शोधकाच्या साठवण भागातील एकेका ओळीत जमा केला जाई. म्हणजे एक ओळ, एक थर. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा उलगडा तिच्यावर आहे.

प्रकाश नसतानाही प्रत्येक घरात थोडासा भार आपोआप झिरपतो. तो कमी राहावा म्हणून शोधक शून्याखाली सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवला होता. परंतु उपग्रह कक्षेत गेल्यावर थोड्याच काळात काही घरे काळोखातही नेहमीपेक्षा कितीतरी अधिक भार दाखवू लागली. अशा घराला ‘हॉट पिक्सेल’ म्हणतात. हॉट म्हटले तरी ते घर इतरांपेक्षा गरम झालेले नसते, फक्त खोटा हिशेब देते.

परिणाम काय झाला? ज्या ओळीत असे घर, त्या ओळीच्या थराचा वारा चुकला. घर पहिल्या ठिपक्याच्या बाजूला असेल तर चूक एका दिशेने, दुसऱ्या ठिपक्याच्या बाजूला असेल तर उलट दिशेने. पारड्याच्या तळाला मेण चिकटवल्यासारखे झाले. काही थरांत ही चूक सेकंदाला कित्येक मीटरपर्यंत गेली. सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ कि.मी., तेव्हा ४ मीटरची चूक म्हणजे ताशी १४ कि.मी.हून अधिक. ढगामुळे परतणारा प्रकाश क्षीण झाला की तेवढाच खोटा भार आणखी मोठी चूक घडवी.

यातली अडचण अशी की आकडा पाहून दोष दिसत नव्हता. वारा सेकंदाला ८ मीटर असू शकतो आणि १२ मीटरही असू शकतो. यंत्र बंद पडले तर सर्वांनाच कळते. चालू राहून पटण्यासारखा खोटा आकडा देणारे यंत्र पकडणे कठीण असते. दोष उघडा पडला तो पट्ट्यांवरून. उपग्रह पृथ्वीभोवती कोठेही असो, मोजणीच्या एका ठरावीक ओळीतला वारा शेजारच्या ओळींशी जुळेना. समुद्र असो की वाळवंट, खरा वारा असा एकाच ओळीत सरळ पट्टा ओढत नाही. त्यामुळे दोष हवेत नसून शोधकात आहे हे ठरले.

रिकामा काटा तपासण्याची युक्ती

बाजारात मापाड्याने मिरचीचे पोते काट्यावर ठेवण्यापूर्वी आपण रिकामा काटा शून्यावर आहे का ते पाहतो. शास्त्रज्ञांनी तेच केले. परंतु अवकाशातील शोधकावर झाकण घालायला माणूस जात नाही. मग त्यांनी वेळेची युक्ती योजली. झोत जमिनीवर आपटून परतल्यानंतरच्या क्षणांत मोजणी करायची. तेव्हा जो ‘थर’ मोजला जातो तो हिशेबाने जमिनीच्या खाली असतो आणि तेथून प्रकाश येतच नाही. त्या वेळी घरात जो भार सापडेल तो सगळा खोटा. तो प्रत्येक घरासाठी नोंदवायचा आणि खऱ्या मोजणीतून वजा करायचा.

एकदा वजा करून भागले असते तर काम सोपे होते. परंतु बहुतेक दोषी घरांचा खोटा भार स्थिर नव्हता. तो एका पातळीवर काही तास किंवा दिवस राही, मग अचानक दुसऱ्या पातळीवर उडी मारी. शिवाय नवी घरे बिघडतच होती. त्यामुळे १४ जून २०१९ पासून ही काळोखाची मोजणी दिवसातून अनेक वेळा, सुरुवातीला ४ वेळा, घेतली जाऊ लागली. काळोख मोजत असताना वारा मोजता येत नाही, तेवढा तोटा पत्करावा लागला. दोन तपासण्यांच्या मधे एखाद्या घराने उडी मारली तर तेवढ्या काळातील चूक राहून जाई. ती पुढे जुन्या नोंदींचा फेरहिशेब करताना काढली गेली.

दुर्बिणीच्या आरशाच्या तापमानातील चढउतारामुळे आणखी एक चूक येत होती. तिची दुरुस्ती एप्रिल २०२० मध्ये झाली. दरम्यान ९ जानेवारी २०२० पासून युरोपच्या मध्यम पल्ला अंदाज केंद्राने एओलसचा वारा रोजच्या अंदाजात घेण्यास सुरुवात केली. आपल्याकडे नोएडा येथील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रानेही ही निरीक्षणे आपल्या प्रारूपात वापरून पाहिली. दाट ढगांच्या आरपार हा किरण जात नसल्याने ऐन पावसाळ्यात त्याला मर्यादा होत्या, हेही सांगितले पाहिजे. एओलसचे काम २०२३ मध्ये संपले आणि त्याच वर्षी २८ जुलै रोजी तो वातावरणात उतरवून नष्ट करण्यात आला. युरोपात दुसऱ्या एओलसची तयारी चालू आहे.

आपले इन्सॅट उपग्रह वेगळ्या रीतीने वारा काढतात. सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवरून लागोपाठ छायाचित्रे घेऊन ढग किती सरकले ते पाहिले जाते. तेथेही शोधक असतोच. तो ढगाचे तापमान चुकीचे दाखवू लागला तर ढगाची उंची चुकते आणि वाऱ्याचा वेग बरोबर असूनही तो भलत्या थराच्या नावावर जमा होतो.

गावातील वारामापक

उपग्रहाचा आकडा शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचे चित्र उभे करण्यासाठी असतो. आपल्या शिवारातील फवारणीसाठी तो नाही. फवारणी शक्यतो वारा ताशी १० कि.मी.च्या आत असताना करावी. चेहऱ्याला वारा जाणवतो व पाने नुसती सळसळतात तोवर वारा साधारण ताशी ६ ते ११ कि.मी. असतो. पाने व बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या की तो १२ च्या पुढे गेला असे समजून पंप खाली ठेवावा.

महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावरचा वारामापक मात्र आपल्या खिशाशी जोडलेला आहे, कारण केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्यात वाऱ्याचा वेग हा एक निकष असतो. धूळ बसून, कोळ्याचे जाळे लागून किंवा बेअरिंग झिजून त्याच्या वाट्या जड फिरू लागतात. तेव्हा यंत्र चालू असते, नोंदही होते, पण आकडा कमी पडतो. येथे दोष ओळखण्याची रीत तीच. शेजारच्या मंडळांत वादळी वारा नोंदला गेला आणि आपल्या मंडळात नाही, असे एकदा झाले तर ते खरेही असू शकते. दर वेळी तसेच होत असेल तर संशय घ्यावा. केंद्राजवळची झाडे वाऱ्याने वाकत असताना वाट्या थांबलेल्या दिसल्या, तर तारीख, वेळ व छायाचित्रासह तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. हे काम बाग पडण्यापूर्वी, फेब्रुवारी अखेरपर्यंत उरकलेले बरे.