झडपांची फट

बंगळूरच्या जे. सी. रोडवर वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांची ओळच लागलेली आहे. जुन्या मोटारसायकली हौसेने बाळगणाऱ्यांच्या बोलण्यात या शहरात दोन नावे नेहमी येतात. एक 1955 पासून मद्रासेत बनू लागलेली बुलेट आणि दुसरे म्हैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली जावा व येझदी. हा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. तरी त्याच्या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. या दोहोंत मूलभूत भेद आहे. येझदीचे इंजिन द्विघाती. त्यात दट्ट्याच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे उघडतो आणि मिटतो. त्यामुळे फट जुळवावी लागेल अशा झडपा त्यात नाहीतच. बुलेट मात्र चतुर्घाती आहे. तिच्यात मिश्रण आत घेणारी एक आणि जळलेला वायू बाहेर सोडणारी एक, अशा दोन झडपा असतात. जुनी बुलेट घेणाऱ्याने या झडपांची फट तपासण्याची रीत अवश्य जाणून घ्यावी.

इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते आणि मिटते. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर झडपेला. झडप मिटलेली असताना या साखळीचा तिच्यावर काहीही दाब असता कामा नये. थोडा जरी दाब उरला, तरी झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही.

याचा परिणाम बाहेर सोडणाऱ्या झडपेला सर्वाधिक भोगावा लागतो. तिच्यावरून तप्त वायू वाहत असतात आणि तिची बरीचशी उष्णता बैठकीला टेकलेल्या अवस्थेतच सिलिंडरच्या माथ्यात उतरते. बैठक नीट मिळाली नाही की ही वाट अडते. फटीतून वायू निसटू लागतो आणि झडपेची कड जळू लागते. उलट फट जास्त असेल तर टकटक आवाज होतो, झडप थोडी कमी उघडते आणि भाग लवकर झिजतात. पण त्याची सूचना तरी कानाला मिळते. घट्ट झडप मात्र आवाज न करता जळते. म्हणूनच जुन्या गाडीचे इंजिन अगदी निःशब्द चालत असेल, तर गिऱ्हाइकाने तेवढ्यावर समाधान मानू नये. टॅपेट आवळूनही आवाज बंद करता येतो.

तपासणी थंड इंजिनावरच करावी. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम हाती घेणे उत्तम. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर ते निवेपर्यंत सौदा थांबवावा. प्रथम स्पार्क प्लग काढावा. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने हळूहळू पुढे फिरवावे. प्लगच्या छिद्रावर बोट ठेवल्यास संपीडनाच्या वेळी हवेचा जोर जाणवतो. त्या घातात दट्ट्या अगदी वर पोहोचला की दोन्ही झडपा मिटलेल्या असतात.

आता सिलिंडरच्या उजव्या बाजूचे छोटे झाकण काढावे. आत दोन्ही पुशरॉडांची खालची टोके दिसतात. जुन्या 350 बुलेटमध्ये थंड अवस्थेत फट शून्य ठेवतात. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण त्याला वर-खाली हालचाल असू नये. इंजिन तापल्यावर सिलिंडर आणि त्याचा माथा पुशरॉडांपेक्षा अधिक वाढतात आणि आवश्यक ती फट आपोआप निर्माण होते. पुशरॉड फिरत नसेल तर लॉकनट सैल करावा, समायोजक किंचित फिरवावा आणि लॉकनट पुन्हा आवळावा. आवळताना जुळवणी सरकते, म्हणून चाक दोन फेरे फिरवून दट्ट्या पुन्हा त्याच जागी आणावा आणि पुशरॉड पुन्हा फिरवून पाहावा.

हा नियम सर्व गाड्यांना लागू नाही. 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी 100 सारख्या गाड्यांत कॅम माथ्यावरच असतो; तेथे फिलर गेजची पातळ पट्टी घालून फट मोजतात. अशा गाडीचे माप तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर आलेल्या नव्या बुलेट इंजिनात तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट बसवले गेले. त्यांना हाताने जुळवावे लागत नाही.

जुळवणीनंतर थोड्याच अंतरात पुशरॉड पुन्हा जखडला, तर दोष समायोजकाचा नसून बहुधा झडप बैठकीत खचत असते. किक हलकी लागणे, तापलेले इंजिन पुन्हा सुरू होण्यास त्रास देणे आणि सायलेन्सरमध्ये फटफट होणे ही त्याची सोबतची लक्षणे. अशा वेळी पाना बाजूला ठेवून सिलिंडरचा माथा उतरवावा आणि झडप व बैठक तपासून घ्यावी. हा खर्च सौदा ठरण्यापूर्वी ध्यानात आला, तर किमतीत धरता येतो. नंतर आला, तर तो घेणाऱ्याच्याच खिशातून जातो.