दूरच्या संगणकाला आज्ञा देताना

ओव्या आणि अभंग यांत रमणाऱ्या मराठीच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या आज्ञांविषयी लिहावे, हे पाहून विज्ञान शाखेचे मित्र हसतील याची मला कल्पना आहे. परंतु या वर्षी मला जो धडा मिळाला, त्याची किंमत मी मोजली आहे. ती दुसऱ्या कुणाला मोजावी लागू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय असा आहे. आपण एका संगणकापुढे बसलेलो असतो आणि काम व्हायचे असते दुसऱ्या गावच्या संगणकावर. तेथे आज्ञांची एक यादी, म्हणजे स्क्रिप्ट, ठेवलेली असते. ती आपण हाताने टंकून न चालवता आपला प्रोग्रॅमच चालवतो. हे कसे घडते?

कल्पना नवी नाही. सप्टेंबर १९४० मध्ये जॉर्ज स्टिबिट्झ यांनी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात टेलिप्रिंटरवर गणिते टंकली; ती न्यूयॉर्कमधील यंत्राने सोडवली आणि उत्तरे तारेवरून परत आली. पुढे युनिक्स संगणकांवर दूरून आज्ञा देण्याची साधने आली, पण त्यांतला मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जाई. वाटेत कोणीही वाचावा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात संगणकजालावरून परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील टाटू युलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत तयार केली. पोस्टकार्डाच्या जागी बंद लखोटा आला, असे म्हणता येईल. आज प्रोग्रॅममधून दूरच्या संगणकावर स्क्रिप्ट चालवण्यासाठी हीच पद्धत बहुधा वापरतात. पायथन भाषेत त्यासाठी पॅरामिको नावाचा तयार संच मिळतो.

कामाच्या पायऱ्या चार. पहिली पायरी, समोरच्याची ओळख. प्रत्येक संगणकाची स्वतःची एक किल्ली असते. पत्रावरचा शिक्का ओळखावा तशी ती आपला प्रोग्रॅम ओळखतो. शिक्का बदललेला दिसला तर थांबावे. ‘चालेल’ म्हणून पुढे जाऊ नये. दुसरी पायरी, आपली ओळख. कुलूप दूरच्या संगणकावर बसवायचे आणि त्याची गुप्त किल्ली आपल्यापाशी ठेवायची. ही किल्ली प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहून ठेवणे म्हणजे घराची किल्ली दारालाच टांगणे. तिसरी पायरी, आज्ञा पाठवणे. आज्ञा एका सलग ओळीच्या रूपाने जाते. पलीकडचा शेल ती वाचतो आणि मोकळी जागा दिसेल तेथे शब्द तोडतो. चौथी पायरी, उत्तर ऐकणे. उत्तर तीन प्रकारांनी येते : एका प्रवाहातून कामाचा मजकूर, दुसऱ्यातून तक्रारी, आणि शेवटी एक अंक. हा अंक शून्य असेल तर काम झाले. दुसरा कोणताही असेल तर बिघडले. परीक्षेत शून्याला घाबरणाऱ्या आपणा मंडळींना हे जरा उलटे वाटते खरे!

आता माझी चूक सांगते. आमच्या वर्गाने दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. एकूण २७ मुद्रणे जमली. त्यांत ५ माझ्या आजीची. ती सारी एका दूरच्या संगणकावर ठेवली होती. तेथल्या स्क्रिप्टने प्रत्येक मुद्रणाची आटोपशीर प्रत करायची आणि मग मूळ मुद्रणे पुसायची, असे ठरले. प्रोग्रॅम मी लिहिला. एकेका मुद्रणासाठी तो आज्ञा पाठवी, कामाचा मजकूर संपेपर्यंत थांबे, आणि सर्वांत शेवटी मूळ मुद्रणे पुसण्याची आज्ञा देई. पडद्यावर अक्षरे उमटली : ‘काम पूर्ण’. ती अक्षरे मीच लिहून ठेवलेली होती. दूरच्या संगणकाला त्यात काहीच विचारलेले नव्हते.

मैत्रिणींनी मुद्रणांना ‘ओवी१’, ‘ओवी२’ अशी जोडून नावे दिली होती. मी मात्र हौसेने ‘आजीची ओवी १’ असे सुटे लिहिले होते. शेलने त्या नावाचे तीन तुकडे केले. त्या नावाची फाइल स्क्रिप्टला सापडली नाही. तिने तक्रार केली, शून्याऐवजी एक हा अंकही पाठवला. मी तक्रारींचा प्रवाह वाचलाच नव्हता, अंकही पाहिला नव्हता. पुसण्याची आज्ञा मात्र बिनचूक गेली. २२ ओव्या राहिल्या, आजीच्या पाचही गेल्या. मोबाइलमधल्या प्रती तर मी जागा हवी म्हणून आधीच काढून टाकल्या होत्या.

मी पुन्हा गावी गेले. आजीने तीन ओव्या म्हटल्या. उरलेल्या दोन काही केल्या तिला आठवेनात. ती म्हणाली, “त्या दिशी तू जातं मांडलं हुतंस, म्हणून आल्या गं. आता कुठनं आणू?” ते शेजारचे जाते तोवर माळ्यावर गेले होते.

प्रोग्रॅम आता बदलला आहे. फाइलचे नाव अवतरणचिन्हांत बांधूनच पाठवते. पायथनच्या श्लेक्स या संचात त्यासाठी क्वोट हे साधन आयतेच आहे. दोन्ही प्रवाह वाचते. हे वाचन टाळले तर कधी कधी साठवणीची जागा भरते, पलीकडचा प्रोग्रॅम लिहिण्यासाठी आणि आपला उत्तरासाठी असे दोघेही एकमेकांची वाट पाहत अडून बसतात. मग अंक पाहते. शून्य आला तरी नवी प्रत खरोखर तेथे आहे का, हे वेगळ्या आज्ञेने विचारते. आणि पुसण्याचे काम प्रोग्रॅमकडे ठेवलेलेच नाही; ते माणसाने, प्रती ऐकून, स्वतः करायचे.

आज्ञा पाठवणे सोपे असते. ती पाळली गेली का, हे विचारून उत्तर ऐकेपर्यंत थांबणे, हाच या विद्येचा अवघड भाग. दूरच्या संगणकाने मला वेळेवर खरे सांगितले होते. ऐकले नाही ते मीच.