पुरुष वंध्यत्व : योग्य तज्ज्ञाची निवड

विवाहानंतर काही वर्षे उलटूनही घरात पाळणा हलला नाही, की बहुतेक कुटुंबे सुनेला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात. तिची सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रिया होते. पतीची साधी वीर्यतपासणी मात्र सर्वांत शेवटी. वास्तविक वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा सहभागी कारण असते. रुग्णालयाची देयके पाहणाऱ्या माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसालाही हा क्रम उलटा वाटतो. जी तपासणी सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी, ती प्रथम व्हावयास हवी. म्हणून आमचे विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्त यांच्यासाठी हा विषय येथे थोडक्यात मांडीत आहे.

पहिली पायरी

एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास पती-पत्नी दोघांनी एकाच वेळी तपासणी करून घ्यावी. पत्नीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांनंतरच. वीर्यतपासणीपूर्वी २ ते ७ दिवस संयम पाळावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार शुक्राणूंच्या संख्येची खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने मध्यंतरी आलेल्या तापाचाही परिणाम दिसतो. म्हणून दोष आढळल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. एका अहवालावरून कोणीही खचून जाऊ नये.

कोणाकडे जावे ?

अहवालात दोष आढळल्यास प्रथम युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्ररोग शल्यतज्ज्ञ यांना भेटावे. एम.सीएच. ही त्यांची सर्वसाधारण पदवी. पुरुष प्रजननसंस्थेचा विशेष अभ्यास केलेल्या तज्ज्ञांना अँड्रॉलॉजिस्ट म्हणतात. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, म्हणजेच व्हॅरिकोसील, हे वारंवार आढळणारे कारण आहे आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने लाभ होतो.

वीर्यात शुक्राणू मुळीच नसल्यास दोन शक्यता असतात. वृषणात ते तयार होतात, पण मार्ग बंद असतो. किंवा ते तयारच होत नाहीत. पहिल्या प्रकारात शस्त्रक्रियेने मार्ग जोडता येतो, अथवा शुक्राणू थेट काढून घेता येतात. दुसऱ्या प्रकारात संप्रेरकांची व गुणसूत्रांची तपासणी लागते. दोष पिट्यूटरी ग्रंथीत असल्यास अंतःस्रावतज्ज्ञांच्या औषधोपचाराने वृषण कामास लागू शकतात. १९९२ मध्ये एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याच्या पद्धतीने झालेल्या पहिल्या गर्भधारणांची नोंद प्रसिद्ध झाली. तीमुळे अत्यल्प शुक्राणू असलेल्यांनाही पितृत्वाची आशा निर्माण झाली.

तज्ज्ञाची पारख

चांगला तज्ज्ञ केवळ अहवाल वाचून औषध लिहीत नाही. तो प्रत्यक्ष शारीरिक तपासणी करतो. कारण वंध्यत्वाच्या तपासणीत क्वचित वृषणाची गाठही आढळते. लहानपणीचा गालगुंड, हर्नियाची शस्त्रक्रिया, भट्टीजवळचे काम, धूम्रपान आणि आपल्या नागपुरात सर्रास चघळला जाणारा खर्रा यांविषयी तो विचारतो. 'ताकदीसाठी' घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांची चौकशी विशेष आवश्यक आहे. बाहेरून दिलेले हे संप्रेरक शुक्राणूंची निर्मिती घटवते, अनेकदा पूर्ण थांबवते. वंध्यत्वावर कोणी हीच इंजेक्शने सुचविल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

डॉक्टरांची पदवी व महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच नसावा. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांनाही नोंदणी बंधनकारक आहे. भिंतींवर 'गुप्तरोग' व 'मर्दानी ताकद' यांच्या हमखास उपचारांच्या जाहिराती दिसतात. लैंगिक क्षमता वाढविणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जो यशाची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहावे.

ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालय व मिहानमधील एम्स येथे युरोलॉजी विभाग आहेत.

कुटुंबाची जबाबदारी

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयांवर मराठीत उघडपणे लिहिण्यास सुरुवात केली. पण घरातला संकोच अजून पुरता गेलेला नाही. पुरुषाच्या मौनाची किंमत बहुधा पत्नीला मोजावी लागते. तपासण्यांच्या वेदना तिला, टोमणेही तिलाच. पस्तिशीनंतर तिची गर्भधारणक्षमता झपाट्याने घटते. देणगीतून आम्ही गरजूंचे देयक कमी करू शकतो. वाया गेलेली ही वर्षे मात्र कोणत्याही देणगीतून भरून निघत नाहीत. म्हणून सासू-सासरे व वडीलधाऱ्यांना नम्र विनंती आहे की, सुनेला तपासणीस नेताना पहिल्याच दिवशी मुलालाही सोबत न्यावे.