झोप मारणारी गोळी

अंबाजोगाई

चि. मयुरी,


लातूरला तुमच्या खोल्यांवर झोप मारणाऱ्या गोळीची चर्चा चालते, हे तुझ्या आईकडून कळलं. मामा रागावलाय, असं समजू नकोस.

ही गोळी बहुधा मोडाफिनिल. दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याचा आजार असतो, त्यावरची. दुसरी मिथाइलफेनिडेट, म्हणजे रिटॅलिन. ज्यांचं लक्ष टिकतच नाही त्यांना डॉक्टर ती मोजून देतात. अफू-गांजाचा 1985 चा कायदा तिलाही लागू आहे. चिठ्ठीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा.

शिकलेली माणसंही घेतात, हे खरं. 2008 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेनं आपल्या वाचकांना विचारलं, तेव्हा 60 देशांतल्या 1,400 जणांपैकी पाचातल्या एकानं कबुली दिली. गणिती पॉल एर्डिश तर ॲम्फेटामिनवरच चालायचा. 1979 मध्ये मित्रानं 500 डॉलरची पैज लावली, महिनाभर सोडून दाखव. एर्डिश जिंकला, पण तुझ्यापायी गणित महिनाभर मागं पडलं, असं त्यालाच सुनावून पुन्हा गोळ्यांकडे वळला. पोरं किस्सा इथवरच सांगतात. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या 1971 मध्ये आई वारल्यावर. नाव गाजवणारी पहिली सिद्धता मात्र 1932 ची, विशीच्या आतली.

2023 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी 40 निरोगी तरुणांना एक कोडं घातलं. पिशवीला पेलेल इतकंच वजन भरायचं, पण माल जास्तीत जास्त किमतीचा बसवायचा. अशी गोळी घेतली की माणसं वस्तू काढ-घाल खूप करायची, निवड मात्र घसरायची. तुझ्या ‘नीट’ परीक्षेला 180 मिनिटांत 180 प्रश्न, वर चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. तिथं ही धडपड काय कामाची?

आपल्या बीडला तर कामापायी शरीराला कात्री लावणं नवीनही नाही. ऊसतोडीत पाळीमुळं खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातलेली, त्यात खाडे टळतील ही आशा. किती बायकांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या! 2019 च्या सरकारी समितीपुढं आकडा आला, जिल्ह्यातल्या 82,309 महिलांमागं 13,861. कामाला शरीर पुरेना म्हणून शरीरच कमी केलं. त्याच जिल्ह्यातल्या पोरीनं आता झोप कापावी?

कुणी गोळी दिलीच असेल तर परत कर, खोलीत ठेवू नकोस. लक्ष खरंच लागत नसेल तर सुट्टीला ये; इथल्या ‘स्वाराती’ रुग्णालयात केसपेपर काढू, मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवू. तोवर अकराला लाइट बंद.

तुझा,
मामा