शेततळ्यात व विहिरीत बुडणाऱ्यास बाहेर काढताना घ्यावयाची दक्षता

शेततळ्यांवरील व विहिरींवरील अपघातांत एक गोष्ट वारंवार आढळते. पहिला मनुष्य पाय घसरून पाण्यात पडतो, दुसरा त्याला काढण्यासाठी उडी घेतो, आणि पुष्कळदा दोघेही दगावतात. दुसरा बहुधा बाप, भाऊ किंवा शेजारीच असतो. त्याच्या धैर्यात उणीव नसते; उणीव असते ती काठावर एका दोराची.

पूर्वीच्या मातीच्या तळ्यात पडलेल्या माणसाला पाय रोवण्यास जागा मिळे. २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली, आणि पाणी मुरू नये म्हणून पुष्कळ तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला दिसू लागला. हा कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरले, की त्यावर पाय ठरत नाही व हाताला धरावयास काही लागत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काठापर्यंत येतो, पण वर चढू शकत नाही. धडपडून थकतो आणि पुन्हा आत घसरतो. फूटव्हॉल्व्ह साफ करणे, फवारणीसाठी बादली भरणे, तळ्यात पडलेले वासरू काढणे, अशा रोजच्या कामांतच हा प्रसंग ओढवतो. विहिरीत मुद्दाम पोहणाऱ्या गड्यानेही अस्तर घातलेल्या तळ्यात आपल्या पोहण्यावर विसंबू नये.

यावरचा उपाय स्वस्त आहे. तळ्याच्या चारही बाजूंस बांधाच्या बाहेर मजबूत खुंट ठोकावा व त्यास हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर बांधून तो उतारावरून पाण्यात सोडून ठेवावा. दोराच्या लांबीत पुष्कळांची चूक होते. तळे ३ मीटर खोल व उतार एकास एक असेल तर नुसत्या उताराची लांबी सव्वाचार मीटर भरते. उतार दीडास एक असेल तर ती सुमारे ५.४ मीटर होते. त्यात बांधाची रुंदी व गाठींत जाणारा दोर मिळविला पाहिजे. पावसाळ्यात पुरणारा दोर उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर अपुरा पडतो, म्हणून तो तळापर्यंत पोचेल इतका असावा. नायलॉनचा दोर उन्हाने कुजतो. दर हंगामात तो ओढून पाहावा. जुने टायर एकाखाली एक बांधून उतारावर सोडल्यास त्यांचा शिडीसारखा उपयोग होतो. तळ्याभोवती कुंपण हवेच, कारण लहान मुले दोराचा उपयोग जाणत नाहीत.

बुडणारा मनुष्य ओरडतो, हात हलवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो बहुधा गप्प असतो. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबीत, अशा स्थितीत तो दिसतो व एखाद्या मिनिटात दिसेनासा होतो. अशा वेळी प्रथम मोठ्याने हाक मारून माणसे जमवावीत व एकाने तत्काळ ११२ किंवा १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. पाण्यात मोटार असल्यास आधी तिचा खटका पाडावा. पाण्यात वीज उतरली असेल तर मदतीस गेलेला हातही आखडतो.

काठावरच्याने पालथे पडून लांब बांबू, शिडी अथवा धोतर पुढे करावे. उभे राहून हात देऊ नये. बुडणारा जीव घेऊन धरतो व देणाऱ्यास आत ओढतो. अंतर जास्त असेल तर दोराच्या टोकास झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधून फेकावा. कॅनमध्ये थोडे पाणी ठेवले की तो वाऱ्याने भरकटत नाही. तो बुडणाऱ्याच्या पलीकडे टाकून त्याच्याकडे ओढून घ्यावा, आणि त्याचे नाव घेऊन ‘डबा धर’ असे स्पष्ट सांगावे. दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळू नये. वासरासाठीही कोणी पाण्यात उतरू नये.

विहिरीत वेगळा धोका असतो. बरेच दिवस बंद असलेल्या, पालापाचोळा कुजलेल्या अथवा आत डिझेल इंजिन चाललेल्या विहिरीत विषारी वायू साचतो किंवा प्राणवायू कमी पडतो. खाली उतरलेला मनुष्य अचानक निपचित पडला, तर त्याच्यामागे कोणीही उतरू नये. तेथे श्वसनाचे साधन असलेले अग्निशामक दलच हवे. कंदील सोडून पाहण्याची रीत जुनी आहे. पण कंदील विझला नाही म्हणजे हवा निर्धोक आहे, असे समजू नये. हवा चांगली असून पडलेला शुद्धीवर असेल, तर चार कोपऱ्यांना दोर बांधलेली बाज खाली सोडावी. दोराला झाडाच्या बुंध्याचा वेढा देऊन ती सावकाश वर घ्यावी.

बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबणे, कुंभाराच्या चाकावर फिरविणे, मिठात पुरणे हे सर्व प्रकार घातक आहेत, कारण त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर उताणे निजवून हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास भरावा. नंतर छातीच्या मध्यभागी ३० दाब व २ श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दाब मिनिटास १०० ते १२० या गतीने व मोठ्या माणसाच्या बाबतीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल असावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, ओले कपडे काढून घोंगडीत गुंडाळावे. उठून बसला, चहा मागू लागला, तरी त्यास रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही बळावतो.

हे श्वास व दाब नुसते वाचून हाताला बसत नाहीत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांकडून तरुणांस ते करवून घ्यावेत, आणि त्याच दिवशी शिवारातील प्रत्येक तळ्यावर जाऊन दोर पाहावा.